उद्याच्या घाटासाठी राखून ठेव

वर्धा,
१२ मार्च

चि. बेटा,


तू पाठवलेला इटलीतल्या सायकल सहलीचा सहा दिवसांचा कार्यक्रम नकाशा शेजारी ठेवून सावकाश वाचला. सप्टेंबरचा पहिला आठवडा, बोर्मिओ गावातून सुरुवात, दुसऱ्या दिवशी गाव्हियाचा घाट, तिसऱ्या दिवशी स्तेल्व्हिओचा, मग गाडीने डोलोमाइट्समध्ये कोर्व्हाराला मुक्काम, तिथून सेला डोंगराभोवतीचे चार घाट आणि शेवटी ‘पास्सो जाऊ’ हा घाट. वाचूनच मन भरून आलं. परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, आपण हिंगणघाट-वर्ध्याची सपाटीची माणसं, मला झेपेल का?" मी झेपेल म्हणालो आणि फोन ठेवला. पण एवढ्या एका शब्दावर तुला पाठवणं बरं नाही. मी त्या रस्त्यांवरून गेलो आहे. तुला काय काय सांगायचं, ते फोनवर मनासारखं जमत नाही, म्हणून लिहितो.

आपण सपाटीचे म्हणून वाटणारी भीती आधी मनातून काढून टाक. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. जवळपास ४,८०० किलोमीटर, वाटेत रॉकी पर्वत. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून तीच शर्यत पुरी केली होती. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, विशीतच, सायकलवर पृथ्वीला फेरी घालून आली. सुमारे २९ हजार किलोमीटर. तेव्हा आपल्याकडच्या पायांना डोंगर चढता येतात, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुझ्यावर नाही. ते झालेलं आहे.

पण या मोठ्या शर्यतींचा एक दोष तुझ्या मनात शिरू नये असं मला वाटतं. तिथे घड्याळ थांबत नाही, झोप तोडून चालवावं लागतं. तू नागपूरहून तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी, वीस तासांच्या आत संपवलीस, तेव्हाही हिशेब तोच होता: आज सगळं खर्च करायचं, उद्या झोपायचं. इटलीत उद्या झोपायला मिळणार नाही. उद्या पुन्हा घाट आहे. परवाही आहे. त्या सहलीचं सगळं अवघडपण इथेच आहे. तिथला एखादा घाट तुझ्यासारखी कोणतीही तयारीची मुलगी चढेल. सहा दिवस सलग, रोज सकाळी ताज्या पायांनी सायकलवर बसणं, हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं.

या बाबतीत मला इटलीच्या आधी पवनार आठवतं. १९५१ साली विनोबा पवनारहून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. वय पंचावन्न, प्रकृती नाजूक. त्या वाटेवर पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि ती पदयात्रा १९६४ पर्यंत चालत राहिली. पहाटे अंधारात निघायचं, ठरलेली मजल गाठायची, मुक्कामाला विसावायचं, दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. अंगात उत्साह आहे म्हणून आज दुप्पट चालू, असं तिथे नव्हतं. आपल्या जिल्ह्यातून निघालेला हा माणूस तेरा वर्षं चालू शकला याचं मोठं श्रेय त्याच्या निष्ठेला आहेच, पण माझ्या मते थोडं श्रेय त्या रोजच्या मापालाही आहे. तुझ्या सहा दिवसांसाठी मी तुला एवढंच माप देणार आहे: रोज संध्याकाळी सायकल उभी करताना पायात अजून एका लहान चढाची ताकद शिल्लक वाटली पाहिजे. बाकीचं जे लिहितो आहे, ते हे कसं साधायचं याबद्दल.

आता थोडं गणित. कंटाळू नकोस, जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं आहे. स्तेल्व्हिओ प्रातो गावाकडून चढायला साधारण २४ किलोमीटर आहे आणि उंची १,८०० मीटरने वाढते. म्हणजे सरासरी सात-साडेसात टक्के चढ, ४८ वळणं, आणि माथा २,७५८ मीटरवर. तुझं वजन, सायकल, पाणी, कपडे धरून ७० किलो समजू. एवढं ओझं एवढ्या उंचीवर नेताना तीन तास लागले, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी झगडायला ११५ वॉट सतत द्यावे लागतात. घर्षण आणि हवा धरली की १३०-१३५. हा आकडा फार मोठा नाही. सकाळी देवळीच्या रस्त्यावर तू यापेक्षा जास्त जोर लावत असशील. फरक असा की देवळीच्या रस्त्यावर मधे पाय थांबवता येतात, उतार येतो, गाव येतं, गप्पा होतात. तिथे तीन तास पॅडल थांबलं की सायकल थांबते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सपाटीवर ताशी २५-३० च्या वेगाने तुझी बहुतेक मेहनत हवा कापण्यात जाते, म्हणून पुढच्याच्या चाकामागे राहिलं की फार वाचतं. तुझ्या ग्रुपमध्ये सगळ्यांना ती सवय लागली आहे, चाक सोडायचं नाही. घाटात ताशी आठ किलोमीटरने चढताना हवेचा अडथळा नगण्य असतो. पुढच्याच्या मागे चिकटून राहून तुला काहीच मिळत नाही, उलट त्याचा वेग तुझ्या गळ्यात पडतो. तेव्हा पहिल्या वळणावर कोणी पुढे गेलं तर जाऊ दे. ओळखीची मंडळी असोत की गोरे, उंच, बाराही महिने डोंगरात चालवणारे असोत. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच दमाने चढ. वाक्य तुटायला लागलं की कमी कर.

याचं कारण शरीराच्या आत आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी. आपलं शरीर खर्च करतं त्याचा पाव हिस्साही नीट पॅडलपर्यंत पोचत नाही, म्हणून एकटा स्तेल्व्हिओ तुझ्याकडून दीड हजार किलोकॅलरी मागेल. बोलता येईल अशा दमाने चढलीस तर त्यातला बराच वाटा चरबीतून निघतो आणि ग्लायकोजेन टिकतं. धापा टाकत चढलीस तर साठा रिकामा होतो, आणि तो पूर्ण भरायला नीट जेवूनही साधारण दिवस लागतो. तो दिवस तुझ्याकडे नाही. माझ्याबरोबरच्या गटात एक तगडा तरुण होता, पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचायचा. चौथ्या दिवशी तो नाश्त्याच्या टेबलावर गप्प बसून होता, हातातली पोळी खाववत नव्हती. त्याचे पाय आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले होते. सहल मात्र त्याला अर्धीच मिळाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

गिअरबाबत हट्ट करू नकोस. ताशी आठ किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ६३ वेळा फिरतं. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागेही ३४ असेल तर पॅडलही ६३ वेळा फिरेल, हे गुडघ्यांना मानवतं. मागे २८ असेल तर ५२ वर येतं, आणि तीन तास असं दाबत राहिलं की चौथ्या दिवशी गुडघा बोलतो. जाऊचा घाट तर दहा किलोमीटर, नऊ टक्क्यांहून अधिक, २९ वळणांचा, आणि तो तुझ्या शेवटच्या दिवशी आहे. भाड्याच्या सायकलीला मागे ३४ दाते आहेत का, हे आत्ताच लेखी विचार. कार्यक्रमात ‘ऐच्छिक’ म्हणून मोर्तिरोलो लिहिला आहे. तो साडेबारा किलोमीटरमध्ये तेराशे मीटर चढतो, सरासरी साडेदहा टक्के, काही जागी अठरा. माझं ऐकशील तर या वेळी तो घेऊ नकोस. ज्यांना तो हवा असतो ते बहुधा त्याच्यासाठी म्हणूनच येतात. तुला स्तेल्व्हिओ आणि डोलोमाइट्स बघायचे आहेत.

तयारी कुठे करशील? वर्ध्यात घाट नाही हे खरं, पण सतत जोर लावायची जागा आहे. जून लागला की नैर्ऋत्येचा वारा सुटतो. नागपूर-तुळजापूर महामार्गावर वर्ध्याहून देवळीकडे जाताना तो थेट तोंडावर येतो. कडेची पट्टी रुंद आहे. त्या वाऱ्यात जड गिअरवर, बसून, पाय न थांबवता तासभर जाणं हा तुझा घाट समज. हँडलच्या वरच्या भागावर हात ठेव, छाती मोकळी ठेव, तिथे तसंच बसायचं आहे. सेलू-हिंगणी-बोर धरणाचा रस्ता चढउतारांचा आहे, तोही घे, पण सूर्य वर आल्याशिवाय त्या जंगलाच्या बाजूला जायचं नाही. बोर हा व्याघ्रप्रकल्प आहे आणि पहाटे रस्ता वाघांचा असतो. गिरडच्या टेकडीचा चढ लहान आहे पण उभा आहे, तुला हिंगणघाटहून जवळ. एकाच चढावर पुन्हा पुन्हा जायला संकोच करू नकोस. तळेगाव-कारंजाच्या बाजूलाही चढ आहेत, मात्र तो अमरावतीचा हमरस्ता ट्रकांचा आहे, तिथे सरावाला मी तुला पाठवणार नाही.

खरा सराव चिखलदऱ्याचा. परतवाड्यापर्यंत गाडीने जाऊ, तिथून वर. सातशे मीटरच्या आसपास चढ आहे, रस्त्याला वळणं आहेत, वर गेल्यावर हवाही बदलते. स्तेल्व्हिओ म्हणजे तो घाट अडीच वेळा, मधे खाली न येता. पण मी सांगतो ते वेगळंच आहे: शनिवारी चढ, उतर, परतवाड्यालाच राहा आणि रविवारी पुन्हा चढ. सोमवारची सुटी मिळाली तर तिसऱ्या दिवशीही. पहिल्या दिवशी किती वेळ लागला ते लिहून ठेव, आणि तिसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळात, तेवढ्याच दमात पोचलीस, तर इटलीची काळजी सोडून दे. तिसऱ्या दिवशी वीस मिनिटं जास्त लागली, तर पहिल्या दिवशी तू जोरात गेलीस असा अर्थ घे. मेच्या सुटीत जमलं तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर कर. कोकणाच्या पायथ्यापासून साधारण तेराशे मीटर उंची मिळते, आपल्या राज्यात स्तेल्व्हिओच्या जवळ जाणारं याहून सोपं काही मला माहीत नाही. पाऊस सुरू झाला की मात्र तिकडे दरडी येतात, तेव्हा जूनच्या आतच.

उन्हाळ्याचा फायदाही घे. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. भर उन्हात चालव असं मी कधीच म्हणणार नाही, पहाटे पाचला निघून आठच्या आत घरी ये. पण आपण घाम, मीठ, पाणी यांचा अदमास जन्मापासून घेत आलो आहोत, त्याचा तिथे उपयोग होतो. फक्त एक सवय बदलावी लागेल. आपण तहान लागली की पितो. थंड, कोरड्या हवेत तहान कळत नाही, आणि स्तेल्व्हिओच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर-बाहत्तर टक्केच असतो, श्वास जास्त घ्यावा लागतो, त्यातूनही पाणी जातं. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, घड्याळ बघून.

खाण्याचंही तेच, भूक लागायच्या आधी. चढावर दर तासाला साठ ग्रॅम तरी पिष्ट-साखर पोटात गेली पाहिजे, म्हणजे दोन मोठी केळी किंवा त्या तोडीचं काही. पोटाला ही सवय इथेच लाव, चिखलदऱ्यालाच लाव. गोरस भांडारातला गोरसपाक खिशात ठेवून बघ, तो मला फार आवडतो, पण कोरडा आहे, पाण्याबरोबरच खा. शेंगदाण्याची चिक्की, खारीक, राजगिऱ्याचा लाडू हे टिकतं. आईला सांग, तुपाची बरणी बांधून देऊ नको. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून प्रवाशांना दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मुक्कामाला पोचल्यावर अंघोळीच्या आधी काहीतरी खा. पहिल्या तासात खाल्लेलं स्नायूंत लवकर जातं, उद्याची तयारी तिथून सुरू होते. शाकाहाराची अडचण पडत नाही, भाज्यांचं सूप, पास्ता, पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला लगदा, बटाटे, भात सगळं मिळतं. डोलोमाइट्सच्या खोऱ्यांत शिळ्या पावाचे उकडलेले गोळे मिळतात, चांगले लागतात, पण त्यात पुष्कळदा डुकराचं मांस बारीक करून घातलेलं असतं, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नकोस. संध्याकाळी दोन पदार्थ खाऊन पोट भरल्यासारखं वाटेल. तरी तिसरा घे.

आता उतार. याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण चढ कोणाला मारत नाही.

आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. इटलीत तो बहुधा डाव्या हाताला असतो. सायकल हातात आली की पहिल्यांदा हेच बघ. वेगळा असेल तर तुझ्या सवयीप्रमाणे बदलून द्यायला सांग, आणि ते शक्य नसेल तर पहिला दिवस सपाटीवर तोच सराव कर. घाबरलेला हात सवयीने दाबतो. त्यातून रस्त्याची बाजूही उलटी, तिथे उजवीकडून चालायचं. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहतं. फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना विसरतं. थांबल्यावर नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेलाच थांब म्हणजे निघताना चूक होणार नाही.

वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी कर. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा नाही. बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, नजर वळण जिथे संपतं तिथे. समोरच्या कठड्याकडे बघितलंस तर सायकल कठड्याकडे जाते. पन्नासच्या वेगात थांबायला पंचवीसच्या चौपट अंतर लागतं, हे गणित तुला येतंच. इतर लोक झूप्‌ करून बाजूने गेले तर जाऊ दे. उतारावर मिळवलेली मिनिटं कोणीही मोजत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे शेतातून ट्रॅक्टर निघतात आणि काळ्या मातीचा चिखल डांबरावर पसरतो. त्या रस्त्यांवर ओल्या रबराची पकड किती कमी असते हे हळू जाऊन अनुभव, पुढचं चाक कधी सुटू पाहतं ते हाताला कळू दे.

आणि थंडी. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. प्रातोला पंचवीस अंश असेल तर माथ्यावर तेरा. चढताना घामाने भिजलेली असशील, लगेच उतरायला लागलीस तर ताशी चाळीसचा वारा त्या ओल्या बनियनवर येईल. बोटं आखडली की ब्रेक दाबता येत नाही. धोका खरा तिथे आहे. ५ जून १९८८ ला जिरो द’इतालिया ही इटलीची मोठी शर्यत गाव्हियावरून गेली आणि वर बर्फाचं वादळ होतं. हॉलंडचा योहान व्हान डर व्हेल्डे तोकड्या कपड्यांत सर्वांच्या पुढे माथ्यावर पोचला. उतरताना तो इतका गारठला की थांबावं लागलं आणि त्या दिवशी पाऊण तासाहून जास्त मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघाने त्या सकाळीच गावातल्या दुकानांतून बर्फातले कपडे, हातमोजे विकत घेऊन ठेवले होते. त्याने त्या दिवशी आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी मिळवली आणि पुढे शर्यतही जिंकली. तुझ्या दुसऱ्या दिवसाचा रस्ता तोच आहे. तेव्हा माथ्यावर येणाऱ्या सहलीच्या गाडीत स्वतःच्या नावाच्या पिशवीत कोरडी बनियन, वाऱ्याचं जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कानटोपी ठेव. वर पोचल्यावर आधी कपडे बदल, मग फोटो. गाव्हियाला पोन्ते दी लेन्योच्या बाजूने माथ्याजवळ अंधारा बोगदा आहे, म्हणून पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट. बोगद्यात ते घालणं इटलीच्या कायद्यानेही बंधनकारक आहे.

दुपारनंतर ढग जमले आणि सहलीच्या गाईडने थांबायला सांगितलं, तर थांब. त्या माणसाचं आयुष्य त्या डोंगरात गेलेलं असतं. रोज संध्याकाळी तो दुसऱ्या दिवसाचा रस्ता समजावून सांगतो, पाणी कुठे, सगळ्यांनी कुठे जमायचं, कुठला रस्ता उखडलेला. दमलेली असलीस तरी ते वीस मिनिटं नीट ऐक, लिहून घे. गुडघा दुखतोय, पोट बिघडलंय, झोप झाली नाही, पाळी सुरू झाली आहे, हे त्याला किंवा त्यांच्या चमूतल्या एखाद्या बाईला सकाळीच सांग. आपल्याकडच्या मुली सहन करतात आणि संध्याकाळी सांगतात. मला ते मुळीच मान्य नाही. सकाळी सांगितलं तर तो तुझ्यासाठी लहान रस्ता काढू शकतो.

सायकलींच्या मागून येणाऱ्या सहलीच्या गाडीबद्दल तुझ्या मनात काय असेल ते मला माहीत आहे, तुझ्या आईची मुलगी आहेस. त्या गाडीत बसणं म्हणजे हरणं, असं वाटत असेल. आल्फोन्सिना स्त्रादा हे नाव लक्षात ठेव. १९२४ च्या जिरोमध्ये पुरुषांबरोबर उतरलेली ती एकटी स्त्री. तेव्हा रस्ते कच्चे, वादळ, हँडल मोडलेलं. पेरुजियाच्या टप्प्यात ती वेळेबाहेर पोचली, नियमाने बाद झाली. आयोजकांनी तिला क्रमवारीबाहेर पुढे चालू दिलं आणि ती मिलानपर्यंत गेली. वेळेच्या आत पोचणारे पुष्कळ जण आज कोणाला आठवत नाहीत. तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी पाय जड असतील, तर सेलाभोवतीच्या चार घाटांपैकी दोन कर. काम्पोलोंगो आणि पोर्दोई सायकलवर, उरलेले दोन गाडीतून खिडकी उघडी ठेवून बघ. पाचव्या दिवशी पुन्हा पूर्ण चालवशील. पोर्दोईच्या माथ्यावर इटलीचा मोठा सायकलपटू फाउस्तो कोप्पी याचं स्मारक आहे, तिथे मात्र उतर. १९५३ मध्ये जिरो पहिल्यांदा स्तेल्व्हिओवरून गेली तेव्हा ह्यूगो कोब्लेटला मागे टाकून त्याने शर्यत फिरवली होती, म्हणजे तोवर तू ज्या रस्त्याने आलेली असशील त्याच रस्त्यावर. शर्यतीतल्या सर्वांत उंच माथ्याला ते लोक आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

किरकोळ राहिलं. सॅडल आणि पॅडल आपले घेऊन जा, बूट तर नेच. सॅडलची उंची, सॅडलपासून हँडलचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून फोनमध्ये ठेव, पहिल्याच संध्याकाळी सायकल त्याप्रमाणे लावून घे. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात सायकलिंग आणि डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचून घे. पुष्कळ पॉलिसींच्या बारीक अक्षरांत तो वगळलेला असतो. व्हिसाचा अर्ज जूनमध्येच टाक, ऑगस्टवर ढकलू नको. पैशाचं मी ताईशी बोललो आहे. तिची काळजी पैशाची नव्हती, उताराची होती. तिला हे पत्र वाचायला दे.

गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी मी गाडी घेऊन सकाळी साडेचारला हिंगणघाटला येतो. सायकलची साखळी आणि ब्रेकचे पॅड त्याआधी बदलून घे, मागची कॅसेट ३४ ची मिळते का तेही दुकानात विचार. मिळाली नाही तर मला गुरुवारपर्यंत कळव, मी नागपूरहून आणतो. परतवाड्याला राहायची व्यवस्था मी करतो. दोन्ही दिवसांचे कपडे घे, आणि रविवारसाठी वेगळी चड्डी घ्यायला विसरू नकोस.

तुझा,
मामा